एका उंदराच्या नावाची गोष्ट



‘रानटी प्राण्यांची नावं सांगा’ असं वर्गात विचारलं, की फळ्यावर कोणती नावं येणार ते मला आता पाठ झालंय. वाघ, सिंह, हत्ती, अस्वल! सिंह तर आपल्या शेवगाव तालुक्यातच काय, अख्ख्या महाराष्ट्राच्या रानात नाही. तरी तो पहिल्या पाचात असतोच. पण शाळेच्या कुंपणावरून रोज धावणारी खार, बांधावरून सुळकन जाणारं मुंगूस, रात्री विहिरीवर घिरट्या घालणारं वटवाघूळ आणि शेतातला उंदीर यांची आठवण कोणालाच होत नाही. एकदा मी मुद्दाम फळ्यावर ‘उंदीर’ लिहिलं, तेव्हा सगळा वर्ग हसला. एक जण म्हणाला, “बाई, उंदराचा काय अभ्यास करायचा? त्याला तर मारायचं असतं!”

प्रश्न बरोबर आहे. शेतकऱ्याच्या घरातल्या मुलाला असं वाटणारच. म्हणून आज उंदराचीच गोष्ट.

आधी एक हिशेब सांगते. जगात सस्तन प्राण्यांच्या, म्हणजे पिल्लांना दूध पाजणाऱ्या प्राण्यांच्या, साधारण साडेसहा हजार जाती आहेत. त्यातल्या निम्म्याहून अधिक जाती नुसत्या कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या आणि वटवाघळांच्या आहेत. वाघ, हत्ती, गेंडा ही मंडळी म्हणजे लग्नात पुढच्या खुर्च्यांवर बसलेले चार पाहुणे. बाकी सगळा मांडव या छोट्यांनीच भरलेला आहे.

सारखा चेहरा, वेगळी भावकी

पहिली गंमत चिचुंद्रीची. लांब नाक, बारीक डोळे, भिंतीच्या कडेनं चिक् चिक् करत पळणारी आणि उग्र वास सोडणारी चिचुंद्री तुम्ही पाहिली असेलच. घरात दिसली की आपण म्हणतो, “उंदीर आला!” पण ती उंदीर नाही बरं का. तिचे दात पाहिले तर लगेच कळतं. उंदराला पुढे पटाशीसारखे दोन वर, दोन खाली असे दात असतात. ते जन्मभर वाढत राहतात. दाताच्या पुढच्या बाजूला कठीण थर असतो आणि मागची बाजू मऊ. त्यामुळे कुरतडताना मागचा भाग लवकर झिजतो आणि धार आपोआप लागते. सुताराला पटाशी पुन्हा पुन्हा घासावी लागते, उंदराला मात्र नाही! या दातांच्या मागे मोकळी जागा असते आणि मग दाढा. चिचुंद्रीच्या तोंडात अशी मोकळी जागा नसते. टोकदार दातांची रांगच असते, कारण ती झुरळं आणि किडे खाते.

आता खरी गंमत ऐका. २००१ सालच्या सुमारास शास्त्रज्ञांनी निरनिराळ्या सस्तन प्राण्यांच्या पेशींमधल्या डीएनएची तुलना केली. तेव्हा असं दिसलं, की उंदराचं नातं चिचुंद्रीपेक्षा माकडाशी, म्हणजे पर्यायानं तुमच्या-माझ्याशी, जवळचं आहे! आणि चिचुंद्री? तिची भावकी वटवाघूळ, मांजर, गाय यांच्या बाजूची. दोघं दिसायला सारखे, कारण दोघं लहान, दोघं जमिनीलगत राहणारे आणि दोघं फटीतून शिरणारे. सारख्या कामाला सारखं शरीर सोयीचं पडतं. गावात दोन माणसांचं आडनाव सारखं असलं म्हणजे ते भाऊबंद असतातच असं नाही ना? तसंच हे.

काळ्या दगडातला चोर

हे छोटे प्राणी आपल्या भागात कधीपासून आहेत? याचं एक उत्तर काळ्या दगडात दडलेलं आहे. तुमच्या घराच्या जोत्याला, विहिरीच्या बांधकामाला जो काळा दगड वापरलाय, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या लाव्ह्यातून तयार झाला. तेव्हा जमिनीला भेगा पडून थरावर थर लाव्हा पसरला आणि आपलं दख्खनचं पठार घडलं. पण लाव्हा सतत वाहत नव्हता. मध्ये मध्ये उसंत मिळायची. त्या काळात तळी साचायची, झाडं उगवायची, प्राणी राहायला यायचे. मग पुन्हा लाव्हा यायचा आणि सगळं झाकून टाकायचा. दोन थरांमधल्या या मातीत जुन्या जिवांचे अवशेष सापडतात. एकोणिसाव्या शतकात नागपूरला राहणारे स्टीफन हिस्लॉप नावाचे स्कॉटिश मिशनरी असे अवशेष गोळा करत. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं.

पुढे हैदराबादच्या पश्चिमेला नस्कल या गावाजवळ असाच मातीचा थर मिळाला. जी. व्ही. आर. प्रसाद आणि अशोक साहनी या भारतीय शास्त्रज्ञांनी ती माती भिजवून बारीक चाळण्यांमधून धुतली आणि उरलेला गाळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्यात मोहरीच्या दाण्याएवढे दात मिळाले! एका सस्तन प्राण्याचे. १९८८ साली त्यांनी हा शोध प्रसिद्ध केला. डायनोसॉरच्या काळाच्या शेवटच्या, म्हणजे क्रिटेशियस, कालखंडातला भारतात सापडलेला तो पहिला सस्तन प्राणी. त्याचं नाव ठेवलं ‘डेक्कनोलेस्टिस हिस्लॉपी’. ‘लेस्टिस’ म्हणजे ग्रीक भाषेत लुटारू. म्हणजे हा झाला दख्खनचा चोर! आकारानं चिचुंद्रीसारखा लहान. नंतर त्याच्या घोट्याची हाडंही मिळाली. त्यांवरून तो झाडावर चढत असावा असं अभ्यासकांनी मांडलं. डायनोसॉर गेले. पण फटीत लपणारे, मिळेल ते खाणारे असे लहान जीव जगभर टिकले आणि त्यांच्यातूनच पुढचे सस्तन प्राणी घडत गेले.

मेट्टाड

आता येऊ या नावाच्या गोष्टीकडे.

सुमारे दोनशे वर्षांपूर्वी वॉल्टर इलियट नावाचा स्कॉटिश अधिकारी धारवाडच्या बाजूला नोकरीला होता. त्या भागाला तेव्हा ‘दक्षिणी मराठा मुलूख’ म्हणत. कामाच्या जोडीला तो प्राण्यांच्या नोंदी ठेवायचा. १८३९ साली त्यानं त्या मुलखातल्या सस्तन प्राण्यांची यादी छापली. या यादीत एक चांगली गोष्ट आहे. प्रत्येक प्राण्याला तिथले लोक काय म्हणतात, तेही त्यानं विचारून लिहिलं.

शेतातल्या उंदरांची सगळ्यांत बारीक माहिती होती वडार समाजाच्या लोकांना. दगड फोडणारी, माती खोदणारी ही माणसं. जमिनीशी त्यांचा रोजचा संबंध. कोणतं बीळ कोणाचं, कोण धान्य साठवतं, कोण दगडाच्या ढिगात राहतं, हे त्यांना ठाऊक असायचं. आपण सगळ्यांना ‘उंदीर’ या एकाच नावानं हाक मारतो. त्यांच्याकडे मात्र वेगवेगळी नावं होती. मऊ केसांच्या एका शेतउंदराला ते म्हणत ‘मेट्टाड’.

हा मेट्टाड काळ्या जमिनीत राहतो. उन्हाळ्यात काळ्या रानाला केवढ्या भेगा पडतात, हे शेवगावच्या मुलांना सांगायला नको. हात घातला तर कोपरापर्यंत जाईल अशा! त्या भेगांमध्ये मेट्टाड मुक्काम करतो. पाऊस जोराचा आला की माती फुगते, भेगा मिटतात आणि पुष्कळसे मेट्टाड आत गाडले जातात. इलियटनं लिहून ठेवलंय, की १८२६ साली सुरुवातीचा पाऊस नीट झालाच नाही. भेगा मिटल्या नाहीत, उंदीर मेले नाहीत आणि त्यांची संख्या इतकी वाढली, की पेरलेलं बी ते उकरून खाऊ लागले. ज्वारीच्या ताटांवर चढून कणसं तोडू लागले. शेतकऱ्यांनी वडारांना धान्य देऊन उंदीर मारायला लावले. हजारो मारले, तरी कमी होईनात.

पाहा, पाऊस, माती, उंदीर आणि पीक यांची ही एकच साखळी झाली. प्रयोगशाळा नव्हती, यंत्र नव्हतं. नीट पाहिलं, विचारलं आणि लिहून ठेवलं, एवढंच. आणि आज दोनशे वर्षांनी ते आपल्या कामाला येतंय.

इलियटच्या नमुन्यांवरून विलायतेत या उंदराचं शास्त्रीय नाव ठरलं. लिहिता-वाचताना ‘मेट्टाड’चं झालं ‘मेल्टाडा’!

नकाशा कसा झाला?

१८८३ साली मुंबईत आठ जणांनी मिळून ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’ स्थापन केली. त्या आठांत दोन भारतीय होते, डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. १९११ साली या संस्थेनं मोठं काम हाती घेतलं. हिंदुस्थानात कोणता सस्तन प्राणी कुठे राहतो, याची पाहणी! संस्थेचे सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी त्यासाठी वर्गणी जमवली. आणि पहिली पाहणी कुठे झाली माहीत आहे? आपल्या खानदेशात. सी. ए. क्रम्प नावाचे संग्राहक तिथे फिरले. वनखात्यातून निवृत्त झालेल्या आर. सी. रॉटन यांनी तो पहिला अहवाल लिहिला. तो १९१२ साली छापून आला. दुसरा अहवाल वऱ्हाडचा. ही पाहणी १९२३ सालापर्यंत चालली आणि हजारो नमुने जमले.

प्रत्येक नमुन्याला एक चिठ्ठी बांधलेली असे. त्यावर गावाचं नाव, तारीख, नर की मादी आणि चार मापं लिहायची. डोक्यापासून धडाची लांबी, शेपटी, मागचं पाऊल आणि कान. चिठ्ठी हरवली तर नमुना कवडीमोलाचा. कारण प्राणी ‘कोण’ आहे याच्याइतकंच तो ‘कुठला’ आहे हे महत्त्वाचं. अशा शेकडो चिठ्ठ्यांमधली गावं नकाशावर ठिपक्यांनी मांडली, की त्या प्राण्याचा मुलूख दिसायला लागतो. नदी कुठे आडवी आली, डोंगर कुठे आडवा आला, पाऊस कुठे कमी झाला, तेही कळतं.

याच रॉटन यांनी १९०५ साली आपल्या रोजच्या खारीचं एक कोडंही सोडवलं होतं. पाठीवर तीन पांढरे पट्टे असणारी खार आणि पाच पट्टे असणारी खार या दोन वेगळ्या जाती आहेत. त्यांनी पाच पट्ट्यांच्या खारीला वेगळं नाव दिलं. रामानं पाठीवरून बोटं फिरवली ही गोष्ट आपण आजीकडून ऐकतो. पण बोटं तीन की पाच, हे मोजायचं आपल्या लक्षात येत नाही!

मिलार्ड यांच्या कामाची आठवण म्हणून १९११ साली मऊ केसांच्या उंदरांच्या गटाला ‘मिलार्डिया’ नाव मिळालं. म्हणून आपल्या काळ्या रानातल्या उंदराचं पूर्ण नाव आहे ‘मिलार्डिया मेल्टाडा’. पुढे साहेबाचं नाव, मागे वडारांचा शब्द! पुस्तक जगात कुठेही छापलेलं असो, हा शब्द त्यात असतोच.

हे मी वर्गात सांगितलं, तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा हळूच म्हणाला, “बाई, आमची आजी घरी तीच भाषा बोलते.” एरवी तो वर्गात फारसा बोलत नाही. त्या दिवशी मधल्या सुट्टीत त्याच्याभोवती पोरांचा गराडा होता. घुशीला काय म्हणतात, सशाला काय म्हणतात, सगळे विचारत होते.

कोंडाण्यावरचा भाऊ

आता या मेट्टाडचा एक भाऊ पाहू या.

पुण्यात १९५२ साली विषाणूंचा अभ्यास करणारी संस्था सुरू झाली. आज तिला राष्ट्रीय विषाणू संस्था म्हणतात. काही रोग गोचिडांमार्फत, पिसवांमार्फत पसरतात. या गोचिडी, पिसवा उंदरांच्या अंगावर असतात. म्हणून रोग समजून घ्यायचा तर उंदीरही ओळखता आले पाहिजेत. या संस्थेतल्या मिश्रा आणि धांडा या शास्त्रज्ञांनी मिलार्डिया गटातले उंदीर बारकाईनं तपासले. सिंहगडावर मिळालेले उंदीर मेट्टाडसारखे होते, पण आकारानं मोठे आणि इतरही काही बाबतींत निराळे. १९७५ साली त्यांनी जाहीर केलं, की ही नवीनच जात आहे. नाव दिलं ‘मिलार्डिया कोंडाणा’. सिंहगडाचं जुनं नाव कोंडाणा हे तुम्हाला तानाजी मालुसऱ्यांच्या गोष्टीमुळे ठाऊक आहेच.

सिंहगड समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटर उंच. तिथल्या गवता-झुडपांत हा उंदीर राहतो. कितीतरी वर्षं जगाला त्याचा हा एकच पत्ता माहीत होता. अलीकडच्या काळात सह्याद्रीतल्या आणखी काही डोंगरी ठिकाणांहून त्याच्या नोंदी झाल्या. तरी त्याचा मुलूख अगदी लहान, आणि जगातल्या धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या यादीत त्याचं नाव आहे.

डोंगरमाथ्यावर राहणाऱ्या प्राण्याला खालचं सपाट रान हे समुद्रासारखं असतं. माथा म्हणजे बेट. बेटावरच्यांचा बाहेरच्यांशी संबंध राहिला नाही, की पिढ्यान् पिढ्या लहान लहान फरक साठत जातात. असे फरक पुरेसे साठले, की वेगळी जात तयार होते. आपला राज्यप्राणी शेकरू याच वाटेवर आहे. तो झाडावरून झाडावर जातो, जमिनीवर सहसा उतरत नाही. जंगल तुटलं की त्याची वाटच तुटते. म्हणून ठिकठिकाणच्या शेकरूंच्या रंगांत फरक दिसतो. भीमाशंकरचं अभयारण्य १९८५ साली झालं ते मुख्यतः शेकरूसाठीच.

पण बेटावर राहण्यात एक मोठा धोकाही आहे. मेट्टाडचं एक शेत नांगरलं तर तो शेजारच्या शेतात जाईल. कोंडाणा उंदरानं कुठे जायचं? गडावर दर रविवारी हजारो माणसं जातात. पिठलं-भाकरी, भजी, दही खातात. त्यात वाईट काहीच नाही. पण उरलेलं अन्न आणि प्लास्टिक तिथेच टाकलं, की त्यावर घरचे उंदीर आणि कुत्री वाढतात. झुडपं जाळली, गवत तुडवलं, तर त्याचं घर जातं. वाघ कमी झाला तर वर्तमानपत्रात बातमी येते. एका डोंगरावरचा उंदीर संपला, तर कोणाच्या लक्षात तरी येईल का?

मग मारायचं की नाही?

वर्गातल्या त्या प्रश्नाकडे येऊ. घरात, कणगीत शिरलेल्या उंदराचा बंदोबस्त केलाच पाहिजे. १९९४ साली आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यात मामला गावी प्लेगचे रुग्ण आढळले होते, ते तुमच्या आई-वडिलांना आठवत असेल. प्लेगचे जंतू रानातल्या उंदरांमध्ये असतात. पिसवांमार्फत ते घरच्या उंदरांत येतात आणि तिथून माणसाकडे. म्हणूनच कोणता उंदीर रानातला, कोणता घरातला आणि कोण कोणाच्या बिळात जातो, हे माहीत असावं लागतं.

पण सगळ्यांना एकाच औषधानं मारायला गेलो, तर काय होतं? झुरळं खाणारी चिचुंद्री मरते. विष खाल्लेला उंदीर खाऊन घुबड मरतं. आणि घुबड मेलं की उंदीर पुन्हा वाढतात! शत्रू कोण आणि शेजारी कोण, हे ओळखल्याशिवाय काठी उचलायची नाही, एवढंच माझं म्हणणं.

एवढं करून पाहा

१. घराजवळच्या खारीच्या पाठीवरचे पांढरे पट्टे मोजा. तीन की पाच? गावाचं नाव, तारीख, वेळ आणि झाड लिहा.

२. बांधावरची बिळं लांबून पाहा. तोंडाशी मातीचा ढीग आहे का? जमीन काळी, मुरमाड की वाळूची? शेतात पीक कोणतं? वहीत शेताचा नकाशा काढून ठिपके द्या.

३. आजी-आजोबांना विचारा, या प्राण्यांना त्यांच्या बोलीत काय म्हणतात. ऐकू आलं तसंच लिहा, शुद्ध करू नका.

४. जुन्या वाड्यात, पडक्या देवळात गव्हाणी घुबड राहत असेल, तर त्याच्या जागेखाली केसांच्या राखाडी गोळ्या पडलेल्या असतात. घुबड उंदीर अख्खा गिळतं आणि न पचलेली हाडं, केस अशा गोळीतून बाहेर टाकतं. त्यातल्या कवट्या पाहून शास्त्रज्ञ त्या भागातल्या छोट्या प्राण्यांची यादी करतात. ही गोळी मोठ्या माणसांना सोबत घेऊन, हातमोजे घालून आणि जंतुनाशकाच्या पाण्यात भिजवूनच उघडायची. पटाशीचे दात आणि मागे मोकळी जागा दिसली तर उंदीर, टोकदार दातांची रांग दिसली तर चिचुंद्री.

आणि एक सक्त ताकीद. जिवंत उंदीर पकडायचा नाही, मेलेल्याला हात लावायचा नाही, बिळात बोट किंवा काठी घालायची नाही. त्यात साप असू शकतो!

पालकांसाठी

मुलांनी बोलीतले शब्द विचारले, तर ‘कशाला हवंय तुला’ असं म्हणू नका. आठवेल तेवढं सांगा. शेतात विष ठेवण्याआधी नुकसान नेमकं कोण करतंय, हे मुलांना सोबत घेऊन पाहा. सुट्टीत सिंहगडावर गेलात, तर पिशवीतला कचरा पिशवीतूनच खाली आणा.

तुमच्या नोंदी अंकाच्या पत्त्यावर माझ्या नावानं पाठवा. नोंदीवर गावाचं नाव आणि तारीख मात्र हवीच. नसेल तर नोंद परत पाठवीन बरं का! पुढच्या वेळी भेटू एका उलट्या लटकणाऱ्या शेजाऱ्याला. तो कोण, ते ओळखून ठेवा.

तुमच्या बाई